आबांसमोरची खुर्ची

कऱ्हाड मागं पडलं की एसटीच्या खिडकीतून मळीचा वास आत येतो आणि मला कळतं, हंगाम सुरू झाला. माझ्या सासरी, वाईच्या थंडीला असा वास नाही. ती घाटाच्या पायऱ्यांवर येते, देवळाच्या दगडात मुरते आणि गुपचूप राहते. आमच्या शिराळ्याकडची थंडी गाजावाजा करत येते. उसानं लदलेले ट्रॅक्टर, त्यांच्यावर मोठ्यानं लावलेली गाणी, रानाच्या कडेला तोडकऱ्यांच्या कोप्या, सकाळच्या धुक्यात त्यांच्या चुलींचा धूर. कुणीतरी उसाचं पाचट पेटवतं आणि काजळीचे काळे तुकडे उडत येऊन दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर नेमके बसतात. दर वर्षी मी त्या काजळीच्या नावानं बोटं मोडायची. यंदा दोरीवर धोतर नव्हतं. काजळी येऊन अंगणात पडत होती आणि मला तिचा राग आला नाही.

धोतर आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. ते उन्हाळ्यात गेले. भरल्या वयात, आपल्या अंथरुणावर गेले, म्हणून भेटायला येणारा जो तो म्हणायचा, सोनं झालं. असेल. पण मुलीला बापाचं सोनं नको असतं, बाप हवा असतो, हे त्यांना कोण सांगणार?

माहेरी आले ते चार दिवस शांत राहावं म्हणून. शांतता कुठली! कित्येक वर्षं प्रशासकाच्या हाती असलेल्या जिल्हा परिषदेच्या आणि पंचायत समितीच्या निवडणुका एकदाच्या लागल्या होत्या आणि माझी वहिनी या भागाची आमदार. सकाळी दार उघडायच्या आत अंगणात गाड्या. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहाचे कागदी कप, पांढरे सदरे, कडक इस्त्री. प्रत्येकाला उमेदवारी हवी. वहिनी सगळ्यांचं ऐकून घेत होत्या. मला म्हणाल्या, "वन्सं, येवढी वरसं निवडणूकच न्हाई झाली. खालच्या पायऱ्या काढून घेतल्या आनि मग म्हनायचं, माडीवर चांगली मान्सं का येत न्हाईत. यायची कुठनं?" 

त्या स्वतः खालच्या पायरीवरून आल्या आहेत, म्हणून त्यांना हे बोलायचा अधिकार. त्यांची पहिली पायरी मी पाहिली आहे. तीही अशाच थंडीत, एका खिडकीतून.

मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी आले होते. आई मी शाळेत असतानाच गेलेली. दादा, म्हणजे माझा भाऊ, लष्करात, सुट्टीपुरता घरी. तेव्हा माझं बाळंतपण केलं ते वहिनींनी. हाळीवाची खीर, डिंकाचे लाडू, शेकशेगडी, बाळाला न्हाऊ घालणं, सगळं. ओव्याच्या धुरीनं भरलेल्या त्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती उघडायची बोळाकडे. बोळाच्या पलीकडं ग्रामपंचायतीचं ऑफिस. बाळंतिणीनं बाहेर पडायचं नाही आणि खिडकीत तर मुळीच बसायचं नाही, वारं लागतं. मी बसायची. दुसरं करणार काय?

आमच्या घरात एक रीत होती, आणि ती घरोघरी होती. सून सासऱ्यासमोर खुर्चीवर बसायची नाही, बाजेवर बसायची नाही आणि सासऱ्याशी समोरासमोर बोलायची नाही. बोलायचं ते तिसऱ्याला मध्ये घालून. तिसरी म्हणजे मी. वहिनी चार हातांवर उभ्या असायच्या आणि आबा मला सांगायचे, "सुमे, तिला म्हनावं, च्यात साखर न्हाई." वहिनी डोक्यावरचा पदर पुढं ओढून मला सांगायच्या, "वन्सं, मामंजींना सांगा, डब्यातच न्हाई." दोघांनी दोघांचं ऐकलेलं असायचं, तरी मला ते पुन्हा बोलावं लागायचं. मी नसले की भिंतीला सांगायचे, मांजराला सांगायचे. मांजर आमच्या घरात फार मानानं राहिलं.

आबा गावचे सरपंच होते. त्या थंडीत सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं. आबांनी फार विचार केला नाही. सुनेला उभं केलं, स्वतः दुसऱ्या वॉर्डातून उभे राहिले, दोघंही निवडून आले. वहिनी सरपंच, आबा उपसरपंच. गावातल्या सगळ्यांना आतलं गणित कळत होतं. सही सूनबाईची आणि कारभार सासऱ्याचा. आबांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं, हे खरं. शिकलेली होते, वाईच्या शाळेत मास्तरीण होते, तरी वाटलं नव्हतं.

पहिल्या बैठकीचा दिवस मला उन्हासकट आठवतो. बोळात गुलालाची लाली अजून मातीत मिसळलेली होती. वहिनींनी बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घातलं, दुपट्यात गुंडाळून माझ्या कुशीत दिलं, हात पुसले, लग्नातली हिरवी साडी नेसल्या आणि बोळ ओलांडून ऑफिसात गेल्या. आत टेबलामागं दोन खुर्च्या. एकीवर पाठीला टॉवेल टाकलेला, ती सरपंचाची. दुसरीवर आबा बसलेले.

वहिनी टेबलापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

ग्रामसेवक म्हणाले, "बसा, सरपंचबाई." वहिनी बसल्या नाहीत. सदस्य म्हणाले, "बसा की." नाही. मला खिडकीतून त्यांची फक्त पाठ दिसत होती. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, एक हात टेबलाच्या कडेवर. आबा समोर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. शेवटी वहिनी ग्रामसेवकांना म्हणाल्या, "भाऊसाहेब, चालू करा. मी हाय ही बरी हाय."

आणि पूर्ण बैठक त्यांनी उभ्यानं चालवली.

पुढचीही तशीच, त्याच्या पुढचीही. सही करायच्या आधी प्रत्येक कागद उभ्यानं वाचायच्या. सातवीपर्यंत शिकलेल्या, अक्षरावर बोट ठेवून वाचायच्या, वेळ लागायचा. आबांना अपेक्षा होती, सांगितलेल्या जागी सही होईल. तसं झालं नाही, पण उभ्या असलेल्या सुनेला कुणी काय म्हणावं? बाई उभी आणि आपण बसलेलो, याची सदस्यांनाही हळूहळू लाज वाटायला लागली. एकेक जण खुर्चीतून उठून भिंतीला टेकून उभा राहायला लागला. सगळेच उभे म्हटल्यावर वायफळ बोलणं कमी झालं. घरी आल्यावर वहिनी माझ्या बाजेजवळ जमिनीवर बसायच्या आणि पोटऱ्या चोळायच्या. "दुखतात?" विचारलं की म्हणायच्या, "उसात ऱ्हातीय की मी उभी दिवसभर. ह्ये काय त्यापरास जड हाय व्हय?" पण जड होतं. आज त्यांच्या पायावरच्या निळ्या शिरा सुजलेल्या आहेत, त्यातल्या काही तिथल्याच.

थंडी वाढली. उसाला तुरे आले. आणि बाबालालचाचांची आई गेली.

बाबालालचाचा गावचे मुलाणी. त्यांच्या आईनं, अम्मानं, माझ्या बाळासाठी शिवलेली कुंची माझ्याकडं अजून आहे. गावातल्या मुसलमान घरांचं कब्रस्तान ओढ्याच्या पलीकडं. तिकडं जायची वाट होती, बैलगाडी जाईल एवढी, आमच्या रानाच्या कडेनं. होती म्हणायची. आमच्याकडे एक खोड आहे, ती सांगायची लाज वाटते पण सगळ्यांना माहीत आहे. नांगरताना बांध कोरायचा. या वर्षी वीतभर, पुढच्या वर्षी वीतभर. कुणाच्या लक्षात येत नाही, कोरणाऱ्याच्या स्वतःच्याही येत नाही. आबांना कुणाचं सोन्याचं कडं पडलेलं दिसलं तर त्यांनी ते धन्याच्या घरी नेऊन दिलं असतं. पण वाट त्यांनी खाल्ली होती. गाडीवाट पाऊलवाट झाली होती आणि त्या थंडीत उंच वाढलेल्या उसानं तीही गिळली होती.

अम्माचा जनाजा त्या उसातून न्यावा लागला. सरळ नेता येईना. खांदेकऱ्यांना आडवं व्हावं लागलं, जनाजा कलता करावा लागला. उसाच्या पात्यांनी तोंडं कापली. वहिनी बाकीच्या बायकांबरोबर ओढ्याच्या अलीकडं थांबल्या होत्या, त्यांनी ते पाहिलं. घरी येऊन बाळाच्या अंगाला तेल लावता लावता मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "वन्सं, मान्साला शेवटचं तर सरळ जाऊ द्यावं." एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा तेल लावायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी बाबालालचाचा पंचायतीत आले. आत आले नाहीत, दारात उभे राहिले. गालावर पात्यानं कापल्याची लाल रेघ. म्हणाले, "मी कुनाचं गाऱ्हानं घिऊन न्हाई आलो. आमची वाट कुटं गेली, येवढं इचारायला आलोय."

ऑफिसात सगळे उभे होते. बसलेले फक्त आबा.

वहिनींनी विषय मांडला. कब्रस्तानची वाट गाडी जाईल एवढी मोकळी करायची. अनुमोदन कुणाचं, ग्रामसेवकांनी विचारलं. कुणी बोलेना. आत उभा असलेला प्रत्येक माणूस ऊसवाला, प्रत्येकानं कुठला ना कुठला बांध कोरलेला. आणि ही वाट तर उपसरपंचांच्या रानातली. मी खिडकीचा गज धरून बसले होते. वहिनींच्या साडीचा सोगा हलत होता. वारा नव्हता. पाय थरथरत होते त्यांचे.

आबांनी ग्रामसेवकांकडं तोंड करून विचारलं, "भाऊसाहेब, सरपंचबाईंना इचारा, उभा ऊस तोडायचा कुनी?"

वहिनींनी ग्रामसेवकांनाच सांगितलं, "उपसरपंचांना सांगा, ऊस सरपंचाच्या घरचा हाय. सरपंचच तोडंल."

कोपऱ्यातून सदस्य असलेल्या कमळाकाकू म्हणाल्या, "माजं अनुमोदन लिवा." कमळाकाकूंना जमीन नव्हती, त्यामुळं त्यांनी कुणाचा बांध कोरलेला नव्हता. आबा उठले. टोपी सारखी केली आणि कुणाकडंही न बघता बाहेर पडले.

सकाळी वहिनी कोयता घेऊन रानात गेल्या. कडेच्या सऱ्यांतला ऊस त्यांनी स्वतः तोडला, बाबालालचाचांच्या घरच्या बायका मोळ्या बांधायला आल्या. आबा विहिरीवर उभे राहून बघत होते म्हणे. संध्याकाळपर्यंत वाट मोकळी झाली. आणि दुसऱ्या दिवशी आबांनी उपसरपंचपदाचा राजीनामा दिला, सदस्यत्वाचाही. त्यानंतर ते पंचायतीची पायरी कधी चढले नाहीत.

गावानं अर्थ लावला. सुनेनं सासऱ्याला उठवलं. पारावर, चक्कीवर, पाणवठ्यावर तेच. मीही तोच अर्थ लावला, वहिनींनीही. पुढच्या बैठकीला त्या सरपंचाच्या खुर्चीवर बसल्या. शेजारची खुर्ची रिकामी होती. मी खिडकीतून बघत होते. बसलेल्या असूनही त्यांची पाठ टेकलेली नव्हती.

बाळ घेऊन मी वाईला परतले आणि पुढचं सगळं मी सुट्ट्यांमधून पाहिलं. दर दिवाळीला, दर मे महिन्यात वहिनी आणखी एक पायरी वर गेलेल्या असायच्या. पंचायत समिती. सभापती. मग सांगलीला जिल्हा परिषद. दादा लष्करातून सुटून आला आणि त्यानं शेती हातात घेतली. लोक त्याला चेष्टेनं आमच्या साहेबांचे साहेब म्हणायचे. तो म्हणायचा, "मी पेन्शनर. माजं कमांडिंग ऑफिसर घरीच हाय." विधानसभेच्या पहिल्या निवडणुकीत वहिनी पडल्या. निकालाच्या दुपारी घर सुनं झालं होतं. मंडप काढणारी माणसं तेवढी आवाज करत होती. आबा मला म्हणाले, "सुमे, तिला म्हनावं, जेवून घे." मी सांगितलं. वहिनी जेवल्या. पुढच्या खेपेला त्या निवडून आल्या.

त्या दिवशीचा गुलाल मी कधी विसरणार नाही. वहिनी आल्या त्या नखशिखांत लाल. आधी आबांच्या पाया पडल्या. आबा "हं" म्हणाले आणि ओसरीच्या खांबाकडं बघत राहिले. मग मी वहिनींना न्हाणीत नेलं, दगडावर बसवलं आणि डोक्यावर पाणी ओतायला लागले. लाल पाणी मोरीकडं धावत होतं. कितीही ओतलं तरी लालच. बाहेर हलगी वाजत होती, माणसं नाचत होती. वहिनी खाली मान घालून बसल्या होत्या. मला वाटलं डोळ्यांत गुलाल गेला. त्या म्हणाल्या, "मामंजींना उठवून मी बसली, वन्सं. वर कितीबी चढली तरी ती खुर्ची ध्यानातनं जात न्हाई." मी पाणी ओतत राहिले. मलाही तेच वाटत होतं.

आमदार झाल्या तरी घरात रीत तीच. आबा ओसरीवर असले की वहिनी खाली चटईवर. एकदा नवे तहसीलदार आले होते. खुर्चीवर ऐसपैस बसले, चहा घेतला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आमदार जमिनीवर बसल्यात. बिचारे कपबशीसकट खाली उतरले. त्यांच्या मागचे इंजिनिअर उतरले. ओसरीवर खुर्च्या रिकाम्या आणि सगळं शासन चटईवर. आम्ही नंतर पोट दुखेपर्यंत हसलो. वहिनी हसल्या नाहीत. गावाला ती मर्यादा वाटायची, कौतुक व्हायचं, भाषणात सांगायचे. मला ठाऊक होतं, ती नुसती मर्यादा नव्हती. त्या स्वतःला शिक्षा देत होत्या.

राजकारणातल्या माणसांविषयी मी फारसं बरं बोलत नाही. शाळेच्या खोल्यांचं उद्घाटन करायला येऊन मुलींना उन्हात ताटकळत ठेवणारे खूप बघितलेत. पण वहिनींनी एकाही कार्यक्रमात मुलींना उभं केलं नाही. आधी त्यांना बसवा, मग माझा हार, असं त्या म्हणत. विधानसभेत बोलायला उभं राहावंच लागतं, तर म्हणायच्या, "मला काय, सवय हाय." आणि बोलायच्या त्या पाणंद रस्त्यांवर, गावोगावच्या खाल्लेल्या वाटांवर. मोठमोठ्या विषयांच्या मध्ये ही बाई उठायची आणि पाणंद म्हणायची. काही जण हसतही असतील.

गेल्या थंडीत आबा बाजेला खिळले. नजर अधू झाली होती. मी निवृत्त, त्यामुळे मुक्काम ठोकून राहिले. वहिनी अधिवेशनासाठी नागपूरला होत्या. सकाळचं ऊन अंगणात आलं की आम्ही बाज बाहेर काढायचो, आबांच्या अंगावर घोंगडं घालायचो. शेजारी एक प्लॅस्टिकची खुर्ची, तिच्यावर त्यांचा टॉवेल आणि औषधांची पिशवी. एके दिवशी दादानं मोबाइल आणून त्यांच्या तोंडाशी धरला. वहिनींचं सभागृहातलं बोलणं कुणीतरी पाठवलं होतं. आबांना चित्र नीट दिसत नव्हतं, पण ते कान देऊन ऐकत होते. बोलणं संपायच्या आत व्हिडिओ संपला.

"मग फुडं?" आबांनी विचारलं.

"येवढाच हाय," दादा म्हणाला आणि रानाकडं गेला.

आबा मला म्हणाले, "सुमे, बोलून झाल्यावर ती खाली बसली का?"

मला हसू आलं. "बसल्या असतील की. तिथं प्रत्येकाला जागा असते, आबा."

"घरात बसती का? मला दिसत न्हाई आता. आवाज मातर खालनंच येतो तिचा."

मी म्हणाले, "खालीच बसतात. तुमच्या पुढ्यात कशा बसतील?"

आबा घोंगड्याची दशी बोटाला गुंडाळत होते. मग म्हणाले, "म्हंजी माजं त्ये करनं वायाच गेलं म्हनायचं."

"काय करणं?"

"राजीनामा दिला त्ये गं."

मी विचारलं, "आबा, तुम्ही राजीनामा वाटेच्या रागानं दिला ना?"

"राग आला हुता. न्हाई कसा? उभा ऊस गेला. पर त्यो राग येगळा, दोन दिसांत गेला." ते जरा दम घेऊन बोलत होते. "तिचं पाय थरथरत हुतं, सुमे. मी समूर बसलो हुतो, मला दिसत हुतं. कुनी एक मानूस संगं न्हाई आनि ही बाई उभी ऱ्हाऊन माज्याच इरुद्ध बोलतीया. म्हनलं, हिला बसाया पायजे. ह्या खुर्चीची हीच. पर मी हितं हाय तवर ही बसायची न्हाई, मरूस्तवर बसायची न्हाई."

"मग तिथंच बस म्हणायचं होतं की!"

"आनि सासऱ्यानं बस म्हनल्यावर बसली, म्हंजी ती कुनाची सरपंच झाली? माजीच की. मानूस म्हनलं असतं, आबा उठ म्हनला तर उठंल, बस म्हनला तर बसंल." आबांनी डोळे मिटले. "म्हनून मीच उठलो."

"आणि हे तुम्ही त्यांना एवढ्या वर्षांत सांगितलं नाहीत?"

आबांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "सासरा सुनंला काय सांगनार? आनि तू सासरी न्हवतीस व्हय, वाईला?"

मी तिथून उठले आणि गोठ्यामागं जाऊन रडले. कुणासाठी रडले ते नीट सांगता येणार नाही. ज्या घरात चहातली साखर तिसऱ्याच्या तोंडून जायची, तिथं एवढी मोठी गोष्ट जायला तोंडच मिळालं नव्हतं. एक जण वाट सोडून गेला होता आणि दुसरीला वाटत राहिलं की आपण त्याला ढकललं. दोघं एका छपराखाली, एका चुलीवरचं जेवत.

अधिवेशन संपवून वहिनी आल्या त्या सकाळी थेट स्वयंपाकघरात. प्रवासाची साडीही बदलली नव्हती, आबांसाठी पेज ढवळत होत्या. मी शेजारी उभी राहिले आणि आबांचे शब्द होते तसे सांगितले. आयुष्यभर दोघांचे निरोप पोचवले, तसाच हाही. वहिनींचा हात थांबला.

"कोन म्हनलं?"

"आबा. स्वतः."

"पाय थरथरत हुतं म्हनलं?"

"हो. दिसत होतं म्हणाले."

त्यांनी गॅस बंद केला, हात धुतले, पदराला पुसले. डोक्यावरून पदर घेतला आणि पेजेची वाटी न घेताच अंगणात गेल्या. मी दारात थांबले. खुर्चीवरचा टॉवेल त्यांनी उचलून घडी करून बाजेच्या पायथ्याशी ठेवला, औषधांची पिशवी खाली ठेवली. खुर्ची जरा ओढली. मग बसल्या. पाठ टेकून बसल्या.

खुर्चीच्या आवाजानं आबांनी मान वळवली. "कोन हाय?"

"मी हाय, मामंजी."

मध्ये कुणी नव्हतं.

"कुटं बसलीस?"

"खुर्चीवर बसलीया."

आबांनी मान हलवली. मग म्हणाले, "पाय लय दुखत असतील."

"व्हय," वहिनी म्हणाल्या.

"वाट हाय का मोकळी?"

"हाय."

"कोरली न्हाई न्हवं कुनी?"

"कोरतील कशी? मी हाय की."

त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत दोघं रोज बोलत बसायची. वहिनी घरी असल्या की सकाळी ती खुर्ची त्यांची. काय बोलायची? उसाचं बेणं, तालुक्याचं राजकारण, कुणाचा जावई कसा निघाला. साधंच. माझी निरोप्याची नोकरी सुटली. खरं सांगते, थोडं ओकंओकं वाटलं. आबा गेले त्या दिवशी बाबालालचाचा काठी टेकत सगळ्यांत पुढं चालत होते.

यंदा अंगणात बाज नाही. खुर्ची आहे, आणि माणसांची ती रांग. परवा एक पाहुणे आले, शेजारच्या गावचे, मोठे बागायतदार. पंचायत समितीची जागा बायकांसाठी राखीव, म्हणून सुनेला घेऊन आले होते. स्वतः खुर्चीवर बसले आणि बोलायला लागले. "ताई, आमच्या सूनबाईला तिकीट द्या. बाकीचं सगळं आमी बघतो." सूनबाई चौकटीला टेकून उभी. डोक्यावर पदर, नजर जमिनीवर. वहिनी तिला म्हणाल्या, "बस गं, खुर्ची हाय." तिनं सासऱ्याकडं पाहिलं आणि ती बसली नाही.

वहिनींनी पुन्हा सांगितलं नाही. क्षणभर तिच्या पायांकडं बघत राहिल्या. मग गुडघ्यावर हात रेटून स्वतःच उठल्या, चपला पायात सरकवल्या.

"चला पाव्हणं, आमचा ऊस बगून यिऊ."

"आवं ताई, पर तिकिटाचं..."

"त्ये तिचं ती बोलंल. आपलं काम न्हाई हितं." आणि मला म्हणाल्या, "वन्सं, तिला च्या द्या."

पाहुणे नाइलाजानं उठले. दोघं अंगण ओलांडून रानाकडं चालू लागली, कब्रस्तानच्या वाटेनं, जिथं आता ट्रॅक्टर जातो. वहिनी हळू चालत होत्या, पाय दुखत असणार. सून चौकटीतून त्यांच्याकडं बघत होती. मी खुर्ची तिच्याजवळ सरकवली आणि तिचं नाव विचारलं. तिनं सांगितलं, पण उभ्यानंच.

ती दोघं उसाआड गेली, तेव्हा ती बसली.